कोशिंबिरीला पाणी का सुटते आणि चव कुठून येते

महाराष्ट्रीय पानात कोशिंबीर डावीकडे, लिंबू, चटणी आणि लोणच्याच्या रांगेत वाढली जाते आणि करतानाही तिच्याकडे बहुधा तितपतच लक्ष दिले जाते. स्वयंपाक उरकत आला की काकडी आणि टोमॅटो चिरायचे, त्यावर मीठ, साखर, दाण्याचे कूट, लिंबू आणि कोथिंबीर एकदमच घालायची, ढवळून झाकण ठेवायचे आणि पोळ्यांकडे वळायचे, हा घरोघरचा क्रम आहे. पाने घेईपर्यंत भांड्याच्या तळाशी पाणी साचते, कुटाचा लगदा होतो, कोथिंबीर मलूल पडते आणि दोष काकडीला दिला जातो. वास्तविक साहित्य तेच ठेवून केवळ कोणती गोष्ट केव्हा घालायची एवढे बदलले, तरी पदार्थ पार वेगळा लागतो. त्यामागची कारणे एकदा समजली, की फडताळात आणि भाजीच्या टोपलीत जे असेल त्यातून चांगली कोशिंबीर करता येते आणि मग प्रत्येक वेळी पाककृती शोधत बसावे लागत नाही.

पहिली गोष्ट पाण्याची. काकडीच्या वजनात सुमारे ९५ टक्के पाणी असते, टोमॅटो आणि मुळा तिच्या जवळपास असतात, कोबीत ९० टक्क्यांहून थोडे अधिक आणि गाजरात ८८ टक्क्यांच्या आसपास. हे पाणी भाजीच्या असंख्य पेशींमध्ये दाबाने भरलेले असते आणि दाताखाली जो कुरकुरीतपणा जाणवतो तो याच दाबाचा परिणाम असतो. चिरलेल्या भाजीवर मीठ पडले, की पेशीच्या बाहेरचा ओलावा आतल्या रसापेक्षा खारट होतो आणि पेशीच्या पातळ पडद्यातून पाणी त्या खारट बाजूकडे वाहू लागते. शाळेच्या विज्ञानात आपण याला परासरण म्हणून शिकलो. साखरही हेच करते, त्यामुळे 'मीठ नंतर घालू, साखर आत्ताच घालून ठेवू' या युक्तीचा उपयोग होत नाही. हाच नियम उलट दिशेनेही चालतो. टोपलीत दोन दिवस पडून मऊ झालेली काकडी, गाजर किंवा कोथिंबिरीची जुडी थंडगार साध्या पाण्यात अर्धा तास ठेवली तर पाणी पेशींच्या आत शिरते आणि भाजी पुन्हा ताठ होते. सडलेली भाजी अर्थातच अशाने सुधारत नाही, परंतु नुसती सुकलेली भाजी टाकून देण्याचे काही कारण नसते.

यातून दोन मार्ग निघतात आणि कोणता घ्यायचा हे जेवणाला किती वेळ आहे त्यावर ठरवावे. पाने मांडलेली असतील तर भाजी चिरून कोरडीच ठेवावी आणि मीठ, साखर व आंबट अगदी वाढताना मिसळावे. पाणी सुटायला लागेपर्यंत कोशिंबीर संपलेली असते. जेवण तासाभराने असेल, किंवा पंगत असेल, तर उलट करावे, म्हणजे भाजीचे पाणी आपणहून आधीच काढून घ्यावे. साधारण पाव किलोच्या दोन काकड्या बारीक चिरून त्यांना अर्धा चमचा मीठ चोळून पंधरा मिनिटे चाळणीत तिरपे ठेवले, तर खालच्या ताटलीत पाव वाटीच्या आसपास हिरवट पाणी जमते. त्यानंतर काकडी मुठीत हलकेच दाबून घेतली की तिला पुढे फारसे पाणी सुटत नाही आणि तिचा पोत थोडा चिवट, पण छान चावण्याजोगा होतो. हे खारट पाणी टाकू नये, थालीपिठाची भाजणी त्यातच भिजवावी आणि पिठात मीठ त्या हिशेबाने कमी घालावे. काकडी दाबलेली असेल तेव्हा कोशिंबिरीतही पुन्हा मीठ घालण्यापूर्वी चव पाहावी, कारण बरेचसे मीठ पाण्याबरोबर गेलेले असले तरी थोडे आत राहते.

चिरण्याची पद्धतही पाण्याशीच निगडित आहे. किसणीवर जितक्या पेशी फाटतात तितक्या धारदार सुरीखाली फाटत नाहीत, म्हणून किसलेली काकडी मीठ न घालताही पाणी सोडते आणि चौकोनी फोडी बराच वेळ टिकतात. बोथट सुरी कापण्याऐवजी चेपते, आणि तिने चिरलेला टोमॅटो फळीवरच अर्धा रिता होतो. जुन्या पद्धतीच्या खमंग काकडीसाठी काकडी चोचवतात ते मात्र किसणे आणि चिरणे या दोहोंच्या मधले काम आहे. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरायची, वरच्या टोकावर सुरीने आडवे-उभे जवळजवळ घाव घालायचे आणि मग तो वरचा थर आडवा कापून ताटात पाडायचा. पडणारे तुकडे कधीही एकसारखे नसतात. काही अगदी बारीक होऊन त्यांचा रस कुटात मुरतो, काही जाडसर राहून दाताखाली येतात, आणि खमंग काकडीची अर्धी गंमत या असमानपणात असते. यंत्रात बारीक केलेल्या काकडीला ती येत नाही, हे माझे ठाम मत आहे.

याच खमंग काकडीत दाण्याचे कूट काय काम करते ते नीट पाहता येते. शेंगदाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेल असते आणि उरलेल्यात प्रथिने भरपूर असतात. जाडसर कूट सुटलेले पाणी शोषून घेते, त्यामुळे रस तळाशी न जाता कुटाला आणि फोडींना धरून राहतो, आणि त्यातले तेल आंबटपणाची धार कमी करते. दाणे मंद आचेवर, सालीवर काळसर ठिपके येईपर्यंत भाजले की त्यांतील साखर आणि प्रथिने यांच्या परस्पर क्रियेतून तो ओळखीचा खमंग वास तयार होतो. मोठ्या आचेवर साल करपते आणि दाणा आत कच्चाच राहतो. भाजलेले दाणे पूर्ण गार झाल्यावरच कुटावेत, कारण गरम असताना ते तेल सोडतात आणि कुटाऐवजी गोळा होतो. कूट डब्यात महिनाभर ठेवले तर त्यातल्या तेलाचा हवेशी संबंध येऊन ते खवट होते, आणि खवट कुटाची कोशिंबीर कशानेही सुधारत नाही. कूट मिसळायचे ते शेवटी, फोडणीच्या जरा आधी. खमंग काकडीत त्याच्या जोडीला ओले खोबरे, मीठ-साखरेबरोबर चुरडलेली हिरवी मिरची, लिंबू आणि वरून साजूक तुपात जिऱ्याची फोडणी एवढेच असते, आणि मोहरी, हिंग, हळद वगळल्यामुळे ती बहुतेक घरांत उपासालाही चालते.

काकडी वापरण्यापूर्वी तिचा एक तुकडा चाखून पाहण्याची सवय मोलाची आहे. काकडीचा कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो आणि ती देठाकडच्या टोकाला व सालीलगत अधिक असतात. टोक कापून ते काकडीवर घासून फेस काढण्याची रीत सर्वत्र आहे, पण त्या फेसाबरोबर आख्ख्या काकडीतला कडूपणा बाहेर येईल असे समजण्यात अर्थ नाही. देठाकडचा बोटभर भाग आणि साल काढूनही काकडी कडू लागत असेल तर ती सरळ टाकावी. तीव्र कडूपणा असलेली काकडी किंवा दुधी साखरेने झाकून खाणे धोक्याचे असते. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांना तिथल्या लांब, पातळ सालीच्या, जवळजवळ बिनबियांच्या काकडीमुळे हा प्रश्न फारसा पडत नाही आणि ती सोलावीही लागत नाही.

टोमॅटोच्या बाबतीत पुष्कळ जण पाणी टाळण्यासाठी बिया आणि त्यांच्याभोवतीचा बुळबुळीत गर काढून टाकतात. हे करू नये असे माझे म्हणणे आहे. त्या गरातच टोमॅटोचा आंबटपणा आणि रसदार, भरीव चव गराबाहेरच्या मांसल भागापेक्षा जास्त असते. तो ठेवावा आणि त्याच्या पाण्यासाठी कूट एखादा चमचा वाढवावे.

कांद्याचा तिखटपणा कांद्यात तयार स्वरूपात नसतो. कांदा अखंड असताना गंधकयुक्त द्रव्ये पेशीच्या एका कप्प्यात आणि त्यांचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात असते. सुरीने पेशी फाटल्या की दोन्ही एकत्र येतात आणि त्या क्षणी झोंबणारा वास व डोळ्यांत पाणी आणणारा वायू निर्माण होतो. म्हणूनच बुक्कीने फोडलेला कांदा पिठल्या-भाकरीबरोबर जितका झणझणीत लागतो तितका धारदार सुरीने रेषांच्या दिशेने उभा चिरलेला लागत नाही. कोशिंबिरीसाठी तो सौम्य हवा असेल तर चिरलेला कांदा गार पाण्यात दहा मिनिटे ठेवून निथळावा, किंवा मीठ लावून चुरून त्याचे पाणी काढावे, किंवा त्यावर लिंबू पिळून ठेवावे. दह्यातल्या कोशिंबिरीत मात्र कांदा ऐन वेळी घालावा, कारण तो मुरत राहिला की तासाभराने सगळ्या दह्याला त्याचाच वास लागतो.

आता फोडणीकडे वळू. पाश्चात्त्य सॅलडमध्ये तेल आणि व्हिनेगर घुसळून वरून घालतात. आपल्याकडे ते काम फोडणी करते आणि त्याशिवाय आणखी बरेच काही करते. हिंग, जिरे, कढीपत्ता आणि हळद यांचे सुवासिक घटक पाण्यापेक्षा तेलात चांगले उतरतात आणि गरम तेल ते सगळीकडे नेते. मिरचीचा तिखटपणाही तेलात विरघळतो, म्हणून फोडणीतली मिरची सबंध कोशिंबिरीला सारखी लागते, तर वरून घातलेली कच्ची मिरची ज्याच्या घासात येईल त्याला सापडते. गाजरातले कॅरोटीन शरीरात शोषले जाण्यासाठी स्निग्धांशाची गरज असते, त्यामुळे आरोग्याच्या नावाखाली गाजराच्या कोशिंबिरीतून तेल आणि कूट दोन्ही काढून टाकणाऱ्यांनी आपण त्याबरोबर काय घालवतो याचाही विचार करावा. फोडणीचे तेल दोन वाट्या भाजीला एक-दोन चमचे पुरते. कुटाच्या कोशिंबिरीवर ती चर्र होईल अशी गरम घातली तरी चालते, पण दह्यावर घालण्यापूर्वी कोमट होऊ द्यावी, कारण कडकडीत तेल जिथे पडते तिथे दही फुटून कणीदार होते.

मोहरीचे दोन स्वभाव आहेत आणि ते ओळखून वापरले तर एकाच भाजीच्या दोन सर्वस्वी वेगळ्या कोशिंबिरी होतात. कोरड्या मोहरीला वास नसतो. ती पाण्याचा हबका मारून वाटली, म्हणजे आपण म्हणतो तशी फेसली, की तिच्यातले विकर जागे होते आणि काही मिनिटांत नाकात जाणारा झणका तयार होतो. उष्णतेने हे विकर नष्ट होते, म्हणून तडतडलेली मोहरी खमंग लागते पण झोंबत नाही. लाल भोपळ्याच्या भरितात किंवा केळ्याच्या, काकडीच्या रायत्यात तो झणका हवा असतो, तेव्हा मोहरी फोडणीत न घालता फेसूनच घालावी. ती आधी साध्या पाण्यात फेसून पाच मिनिटे ठेवावी आणि मग दह्यात मिसळावी, कारण आंबटात ही क्रिया मंदावते. पण एकदा तयार झालेला झणका आंबटात अधिक काळ टिकतो. थेट दह्यात वाटलेली मोहरी त्यामुळेच कित्येकदा नुसती कडवट लागते.

आंबटपणासाठी लिंबूच हवे असा नियम कुठेही नाही. लिंबात सायट्रिक आम्ल असते, चिंचेत टार्टारिक, दह्यात लॅक्टिक, आणि प्रत्येकाची जिभेवरची चाल निराळी आहे. लिंबू चटकन लागून ओसरते, चिंच रेंगाळते, दही सगळ्यांत मऊ असते. गाजर, कोबी आणि मुगाच्या डाळीला लिंबू किंवा कैरी साजते, भाजलेल्या आणि उकडलेल्या भाज्यांना दही, आणि बिटाला दोन्ही चालतात, कारण बिटाचा मातकट वास आंबटाने कमी होतो. दही घेताना ते घट्ट असावे. पातळ असेल तर अर्धा तास फडक्यात टांगावे. परदेशी दुकानांत मिळणारे ग्रीक योगर्ट आधीच निथळलेले असते, त्यामुळे तेवढा खटाटोप वाचतो. दही फार आंबट असेल तर साखर वाढवत जाण्यापेक्षा चमचाभर साय घालावी. साखरेविषयी पुणे-कोकण एका बाजूला आणि विदर्भ-मराठवाडा दुसऱ्या बाजूला असा वाद आहेच, तो इथे सोडवण्याची माझी तयारी नाही. मात्र चिमूटभर साखर गोडीसाठी नसून आंबट-खारट-तिखटाचे टोक बोथट करण्यासाठी असते, आणि ती गोड म्हणून जाणवली तर जास्त झाली असे समजावे.

रंगही आंबटावर अवलंबून असतात. कोथिंबीर आणि हिरव्या पानांतील हरितद्रव्य आम्लाने बदलते आणि पान शेवाळी दिसू लागते, म्हणून लिंबू पिळून झाल्यावर बऱ्याच वेळाने वाढायचे असेल तर कोथिंबीर वाढतानाच भुरभुरावी. जांभळ्या कोबीचे उलट आहे. लिंबाने तिचा रंग लालसर आणि तेजस्वी होतो. बिटाचा रंग पाण्यात विरघळणारा असल्याने तो दह्यात पसरतोच. सगळे गुलाबी नको असेल तर बीट सालीसकट उकडावे, गार करून फोडी कराव्यात आणि दह्यावर अगदी शेवटी पसराव्यात, ढवळू नये.

पालेभाज्यांच्या बाबतीत आपल्याकडचे शहाणपण पाश्चात्त्य सॅलडपेक्षा अगदी निराळे आहे. लेट्यूससारख्या कोवळ्या पानांना तेल लागले की पानावरचा मेणासारखा थर भेदला जातो आणि ती लगेच मान टाकतात, म्हणून तिकडे तेल शेवटच्या क्षणी घालतात. कच्च्या मेथीच्या किंवा कांद्याच्या पातीच्या घोळाण्यात मात्र पान थोडे नरम पडावे हाच हेतू असतो. कोवळी मेथी स्वच्छ धुऊन, फडक्यावर पूर्ण कोरडी करून बारीक चिरायची, त्यात कांदा, तिखट, मीठ, कूट आणि कच्चे तेल घालून हाताने घोळायचे. मीठ इथे दुहेरी काम करते, ते पान नरम करते आणि जिभेला मेथीचा कडूपणाही कमी जाणवू देते. भाकरीबरोबर हा घोळाणा असला की दुसऱ्या भाजीची आठवण होत नाही. पाने कोरडी करणे हा टप्पा लोक हमखास गाळतात. ओल्या पानावर तेल आणि मीठ बसत नाही, ते पाण्याबरोबर वाहून खाली जाते. पावसाळ्यात कच्ची पालेभाजी खाताना प्रत्येक पान वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे, नुसते मिठाच्या पाण्यात बुडवून जंतू जातात या भरवशावर राहू नये.

डाळी आणि कडधान्यांनी कोशिंबिरीला पोटभरीचे रूप येते. चैत्रातल्या हळदीकुंकवाची आंब्याची डाळ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. चार-पाच तास भिजवून भरड वाटलेली चणाडाळ, किसलेली कैरी, मिरची, खोबरे आणि वर हिंग-मोहरीची सढळ फोडणी. आंबट, तिखट, स्निग्ध आणि भरड पोत हे सगळे एका घासात येते. मुगाची डाळ दीड-दोन तासांत भिजते आणि गाजर, कोबी किंवा काकडीत नुसती निथळून घालता येते. मोड आलेल्या मूग-मटकीत क जीवनसत्त्व वाढते हे खरे, पण मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते, त्यामुळे लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांच्यासाठी ती चार-पाच मिनिटे वाफवूनच वापरावी. राजम्याचे मोड कच्चे कधीही खाऊ नयेत.

फळांत पेरू, डाळिंब, अननस आणि केळे कोशिंबिरीत चांगले रुळतात. केळे आणि सफरचंद कापल्यावर हवेने काळे पडते आणि लिंबाच्या रसाने किंवा दह्यात लगेच बुडवल्याने ते लांबते. गोव्या-कोकणातली सुक्या सुंगटांची, म्हणजे वाळवलेल्या कोलंबीची, किसमूर मांसाहारी असली तरी तत्त्व तेच पाळते. सुंगटे कोरडी भाजून कुरकुरीत करायची, कांदा, खोबरे, मिरची आणि आंबट वेगळे चुरून ठेवायचे, आणि दोन्हींची गाठ जेवणाऱ्याने पानावर बसल्यावरच घालायची. पाच मिनिटे उशीर झाला की सुंगटे ओल धरतात आणि किसमुरीचा प्राण जातो.

कोशिंबीर फार गार वाढू नये. थंडीने वास आणि गोडी दोन्ही जिभेला कमी जाणवतात, त्यामुळे फ्रीजमधून थेट पानात आलेली कोशिंबीर अळणी वाटते आणि मग वरून मीठ घेतले जाते. ती दहा-पंधरा मिनिटे आधी बाहेर काढावी आणि चव त्यानंतरच ठरवावी. टोमॅटो तर चिरेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवूच नये, त्याचा वास तिथे मंदावतो. डब्यात द्यायची झाली तर चिरलेली भाजी मोठ्या खणात, कूट-मीठ-साखर कागदाच्या पुडीत आणि लिंबाची फोड वेगळी द्यावी. फोडणी घरून घालून दिली तरी चालते, कारण तेलाने भाजीला पाणी सुटत नाही. दह्याची कोशिंबीर डब्यात देणे उन्हाळ्यात टाळलेलेच बरे, आणि द्यायचीच असेल तर ती उकडलेल्या बिटाची किंवा भाजलेल्या वांग्याच्या भरिताची द्यावी, ज्यांचे पाणी शिजतानाच बरेचसे निघून गेलेले असते.